आधी श्वास, मग इतिहास

वाशीच्या उकाड्यात बारा महिने टाय लावणारा एकच माणूस मी पाहिला. आमच्या इमारतीत तळमजल्यावर दवाखाना थाटलेले जनावरांचे डॉक्टर गायकवाड. ऐंशी-ब्याऐंशी साल असेल. टाय रुबाबासाठी नव्हता. जखमी कुत्रं आलं, की गळ्यातला टाय सोडून ते त्याचं तोंड बांधत. तोच टाय लावून ते लग्नालाही जात, तेव्हा शेजारच्या खुर्च्या आपोआप रिकाम्या होत.

मालकांना ते बोलू देत नसत. ट्रक कुठून आला, चूक कोणाची, हे पुराण सुरू झालं, की डॉक्टर म्हणत, "आधी श्वास, मग इतिहास." फारच रडणाऱ्याला पाणी उकळायला पाठवत. एकदा मीही उकळलं. पुढे त्या पाण्याचं काय होतं, असं विचारलं तर म्हणाले, "चहा."

एका दुपारी जवळच्या बोनकोडे गावचे तुकारामतात्या आपल्या राजाला हातगाडीवर घालून आले. तात्यांची शेती सरकारने नव्या शहरासाठी घेतलेली, राखणीचा हा कुत्रा तेवढा उरलेला. त्याला टँकरने उडवलं होतं. मांडीतून रक्त वाहत होतं, वर पिवळाधमक लेप.

"हलद भरलीय, पानी पन पाजलाय," तात्या म्हणाले.

"म्हणजे फोडणी तेवढी राहिली," म्हणत डॉक्टरांनी टाय सोडला.

दवाखान्याची पाटी उतरवून तिच्यावरून राजाला अलगद टेबलावर घेतलं. जखमेवर फडकं दाबून धरलं, सलाईन लावलं. तात्या दाराशीच उभे होते. डॉक्टरांनी त्यांचा हात ओढून राजाच्या छातीवर ठेवला आणि श्वास मोजायला सांगितलं. विसाच्या पुढे तात्या चुकत, पुन्हा एकपासून धरत. तासाभराने राजाच्या पांढऱ्या पडलेल्या हिरड्यांवर गुलाबी रंग आला, तेव्हा तात्या ढसाढसा रडले.

आठवड्यात राजा दुखरा पाय उचलून तीन पायांवर दवाखानाभर हुंदडू लागला. तात्या रोज न्यायला येत, डॉक्टर रोज "अजून अशक्त आहे" म्हणून परत पाठवत. पंधराव्या दिवशी मी तात्यांबरोबर थेट मागे, डॉक्टरांच्या राहत्या खोलीत गेलो. एक खाट, एक ताट. राजा खाटेवर पसरलेला, आणि डॉक्टर खाली चटईवर बसून, त्याला पोळी भरवत, दिवसभरात काय काय झालं ते सांगत होते.

आम्हाला पाहून ते गडबडीने उठले. "जरा अशक्त आहे अजून."

मला हसू आलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. तात्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग राजाच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऱ्हावंदे आजून दोन दिस," ते म्हणाले. "मना काय घाई नाय."