हार्ड डिस्कचा मान

मुलांनो, एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. हसू नका. जंगलात कॉम्प्युटर नसावा असा कायदा मला कुठे सापडला नाही. तुम्हाला सापडला तर सांगा, गोष्ट इथेच थांबवतो.

नाही ना? मग ऐका.

हा कॉम्प्युटर पाणवठ्याशेजारच्या गुहेत होता आणि झिपरेआबा नावाचं अस्वल तो चालवत असे. काम एकच. पाणीपाळीचा तक्ता काढायचा. सकाळी हरणं, मग रानगवे, दुपारी हत्ती आणि दिवस कलला की बिबटे. पाणी आटेल तशा वेळा बदलायच्या, म्हणून दर पंधरा दिवसांनी नवा तक्ता छापून गुहेबाहेरच्या जांभळीला लावला जाई. पाणी प्यायला येणारे आणि पाणी प्यायला आलेल्यांना खायला येणारे, यांची गाठ पडू नये एवढीच कल्पना.

पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. बटण दाबलं की पडद्यावर एक चाक गरगरू लागे. झिपरेआबा उठून जात, मधाचं अख्खं पोळं संपवत, तोंड पुसत परत येत. चाक फिरतंच असे.

मागच्या खेपेला तक्ता दीड दिवस उशिरा लागला. त्या दीड दिवसात सगुणा हरणीची जाऊ पाण्यावर गेली, ती परत आली नाही. शोकसभेचं अध्यक्षपद ठिपकेसाहेब या बिबट्याने आपणहून घेतलं. फार छान बोलले. मधूनमधून दात कोरत होते, एवढंच.

आता तर पाणवठा आटून एकच डोह उरला होता. पुढचा तक्ता अमावास्येच्या आत लागायला हवा होता. आठ दिवस हातात होते. आणि सगुणाचं पाडस नुकतंच दूध सोडून पाण्याला तोंड लावायला लागलं होतं.

सगुणा तडक काटेकरांकडे गेली. काटेकर म्हणजे साळिंदर. जंगलात काहीही बिघडलं की तेच उघडत, कारण पाना-पेचकस त्यांच्या अंगावरच असे. पाठीवरचा एक काटा उपसून त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत वाकून पाहिलं.

"प्रोसेसर बरा आहे. रॅम पुरे आहे. हार्ड डिस्क तेवढी थकलीय. नवी घातली की पळायला लागेल. तासाभराचं काम."

"मग घाला की!" सगुणा म्हणाली.

झिपरेआबांनी घाईने गुहेबाहेर डोकावून पाहिलं. "हळू बोल गं बाई! मान ठरवल्याशिवाय भाग बदलला असं कुणी ऐकलं म्हणजे?"

आता मान म्हणजे काय, ते सांगतो. जत्रेत पालखी कुणी उचलायची, नारळ कुणी वाढवायचा, हे ठरलेलं असतं की नाही? त्या जंगलात प्रत्येक गोष्टीचं तसं होतं. मागे वणवा लागला, तेव्हा पहिली घागर ओतण्याचा मान कुणाचा हे ठरेपर्यंत अर्धी टेकडी जळली. पण भांडण झालं नाही. याचा त्या जंगलाला आजही अभिमान आहे.

तर सभा भरली. अध्यक्ष अर्थातच ठिपकेसाहेब.

"घाई नको," ते म्हणाले. "कॉम्प्युटर सगळ्यांचा आहे. तेव्हा प्रत्येक समाजाला एकेक भाग बदलण्याचा मान मिळालाच पाहिजे. वेगाची जबाबदारी मी माझ्याकडे घेतो. नवा प्रोसेसर आमच्यातर्फे."

"रॅम आमची," हत्ती म्हणाला. "स्मरणशक्ती म्हटली की आमचंच घराणं. आहे त्याच्या चौपट घाला."

"मॉनिटर मोठा हवा," घुबड म्हणालं. "माझ्या डोळ्यांच्या मापाचा."

सुतारपक्ष्याने चोच आपटत कीबोर्ड मागितला. मोराने पिसारा हलवला. "आम्ही ग्राफिक्स कार्ड देणार. सगळ्यात भारी."

"अहो, पाणी किती वाजता प्यायचं, एवढंच वाचायचंय त्यात," काटेकर म्हणाले.

"हो, पण कुठल्या रंगात?" मोर म्हणाला. सभेला हा मुद्दा पटला.

"आणि हार्ड डिस्क?" मागून सगुणा ओरडली.

"ती काय करते?" ठिपकेसाहेबांनी विचारलं.

"सगळं साठवून ठेवते. मागितलं की काढून देते," काटेकर म्हणाले.

"बाहेरून दिसते?"

"नाही."

"आवाज?"

"नवी असली की तोही नाही."

सभा दोन पावलं मागे सरकली. कुणीतरी खारीला कोपर मारलं, की बाई, साठवण तुमच्या समाजाची. खार कावरीबावरी झाली. "आम्हाला नको गं बाई. आम्ही कुठे काय पुरलंय तेच आम्हाला आठवत नाही."

हार्ड डिस्कला मानकरी मिळाला नाही. ठिपकेसाहेबांनी तो विषय पुढच्या सभेवर टाकला. पुढची सभा अमावास्येनंतर.

माकडांनी नदीपलीकडच्या बाजारातून भाग आणले. एकेका भागाला हार घालून तो बसवण्यात सहा दिवस गेले. काटेकर काटे फिरवत होते. सहाव्या दिवशी उद्घाटन झालं. झिपरेआबांनी बटण दाबलं. पंखे घोंघावले. घुबडाच्या डोळ्यांएवढा पडदा उजळला.

आणि त्यावर चाक फिरू लागलं.

पण काय चाक होतं, मुलांनो! पूर्वीचं करडं होतं. हे मोरपंखी. कड एकदम धारदार. एकेक फेरा डोळ्यांचं पारणं फेडी. सभेने टाळ्या वाजवल्या. झिपरेआबा सवयीने मध खायला गेले.

सगुणाने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती काटेकरांना बाजूला घेऊन म्हणाली, "काका, त्या डिस्कला दिवा का नाही?"

"डिस्कला दिवा कशाला? तिचं काम आत असतं."

"म्हणून तर कुणी विचारत नाही तिला. एक दिवा लावा."

काटेकरांनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पाडसाकडे पाहिलं. उठले आणि ओढ्याकाठच्या पाचोळ्यातून एक काजवा घेऊन आले.

सगुणा गेली रानकोंबड्याकडे. तुरेपाटील त्यांचं नाव. सभेत मोर बोलल्यापासून ते धुसफुसतच होते.

"पाटील, तुम्हाला मान नाही मिळाला?" सगुणा म्हणाली.

"कशाला जखमेवर मीठ चोळतेस, पोरी?"

"नाही, मला वाटलं तुम्ही दिव्याचा भाग राखून ठेवलाय. सगळे भाग अंधारात गप्प बसतात. हा एकटा लुकलुकतो. मोराला कळलं तर तोही मागेल."

पाटलांचा तुरा ताठ झाला. ते गुहेत गेले, डब्याच्या फटीतून आत पाहिलं. थकलेल्या डिस्कवर काजवा बसला होता. लुक. लुक.

तासाभरात पाटलांनी सभा बोलावली.

"तो विषय अमावास्येनंतर," ठिपकेसाहेब जांभई देत म्हणाले. "घाई नको."

"नको कशी? मोराला मान, आणि ज्याच्या आरवण्याने जंगल उठतं त्याला नाही?" पाटील कडाडले. "ठीक आहे. उद्यापासून आरवत नाही. सूर्य उगवला नाही तर माझ्याकडे यायचं नाही!"

सभा हादरली. हत्ती रडवेला झाला. "साहेब, द्या हो त्यांना मान. सूर्याचा प्रश्न आहे!" ठिपकेसाहेबांनी चारी बाजूंना पाहिलं. त्यांच्या बाजूने कुणी नव्हतं. हरणांच्या प्रश्नावर जंगल थांबायला तयार असतं, मुलांनो. सूर्याच्या प्रश्नावर नाही.

माकडांनी धावत जाऊन बाजारातून नवी डिस्क आणली, काजव्यासकट ती डब्यात बसली. काटेकरांनी जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यात उतरवून घेतलं. झिपरेआबांनी बटण दाबलं आणि पाठ फिरवली. दोन पावलं गेले असतील, तोच मागून छपाईचा आवाज आला. आबा दचकले. तक्ता तयार होता.

अमावास्येच्या आदल्या दिवशी तो जांभळीला लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगुणाच्या पाडसाने डोहात नाक घातलं, शिंकलं, पुन्हा घातलं, आणि पोटभर प्यालं. दिवस कलल्यावर ठिपकेसाहेब आले. डोहावर चिटपाखरू नव्हतं. नुसतं पाणी पिऊन परत गेले. त्या उन्हाळ्यात साहेब बरेच बारीक झाले. लोक म्हणत, सार्वजनिक कामाचा ताण.

तुरेपाटलांचा मोठा सत्कार झाला. तिथे त्यांनी समजावून सांगितलं, की कॉम्प्युटर दिव्यावर पळतो. सभेला ते लगेच समजलं. आता डब्यात अकरा काजवे आहेत. सगुणाने येऊन काटेकरांचे आभार मानले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "माझे कसले? काजव्याचे मान."

नाराज फक्त झिपरेआबा. त्यांनी लेखी अर्ज दिलाय, की नवा कॉम्प्युटर फार घाईत असतो, मध खायला सवड मिळत नाही, तरी जुनं चाक परत मिळावं. अर्जावर ठिपकेसाहेबांनी लगोलग शेरा मारला आहे : 'विचार करण्याजोगे.'

तात्पर्य : कॉम्प्युटरचा कुठला भाग बदलायला हवा, हे शहाण्या माणसाने कधीही समजावून सांगू नये. त्या भागाला एक दिवा लावावा आणि गप्प बसावं.