मुदा टाळा!

"मराठीत नाही असा शब्दच नाही, साहेब! पंधरा मिनिटं द्या," असं पुंजाराम निकाळे छाती फुगवून म्हणाले आणि तिथेच फसले!

साल एकोणीसशे नव्याण्णव. सातपूरला विजेची बटणं बनवणाऱ्या एका कारखान्यात पुंजाराम हेडक्लार्क होते. निवृत्तीला आठ महिने उरलेले. माणूस इतका थकलेला, की उठताना खुर्चीच्या आधी गुडघे करकरत. मॅनेजर बेदरकरसाहेब मात्र पुण्याहून चार दिवसांचं जपानी ट्रेनिंग घेऊन सोड्याच्या बाटलीसारखे फसफसत आले होते.

"शब्द आहे मुदा," साहेब म्हणाले. "घाम गाळायचा, वेळ घालवायचा आणि उपयोग कुणालाच नाही, ते सगळं म्हणजे मुदा! हा एक शब्द कळला की आयुष्य बदलतं, निकाळे. सांगा मराठीत."

पुंजारामांनी 'व्यर्थ' सांगितलं. 'वायफळ' सांगितलं. 'फुकटची हमाली'सुद्धा सांगून पाहिलं. साहेब प्रत्येक वेळी मान हलवत. असे चार वाजले!

"राहू द्या, शब्द तसाच ठेवा," शेवटी साहेब म्हणाले. "'मुदा शोधा, मुदा टाळा!' सोमवारी मीटिंगच्या खोलीवर हा बोर्ड दिसला पाहिजे."

पुंजारामांनी चिठ्ठी लिहून काळू पेंटरला दिली आणि सुटले.

सोमवारची मीटिंग होती बायकांच्या मागणीवर. कारखान्यात साठ बायका, पण कपडे बदलायला खोली नाही. तीन वर्षं त्या खोक्यांच्या थप्पीआड उभ्या राहून साड्या बदलत होत्या. त्यांच्या पुढारी मंगलाबाई चार-पाच जणींना घेऊन अकराच्या ठोक्याला आल्या, वर बघितलं आणि थबकल्या. लालभडक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुद्दा शोधा, मुद्दा टाळा!'

"वाचा गं बायांनो! आता तर पाटीच लावली यांनी!"

बघता बघता साठही बायकांनी दारातच बसकण मारली. मशिनं थांबली. पुंजारामांनी धापा टाकत काळूला गाठलं.

"भाऊ, तुमचा शब्द चुकलेला होता," काळू अभिमानानं म्हणाला. "मी नीट करून दिला. लोकं हसली असती ना!"

पुंजाराम तसेच परत धावले.

"मंगलाबाई, तो मुद्दा नाही हो, मुदा आहे! जपानी आहे!"

"आमचा मुद्दा जपानी?"

"नाही हो! घाम गाळायचा आणि उपयोग शून्य, त्याला तिकडे..."

"म्हणजे आमचं काम?"

झालं! आता प्रेस मशिनवरचे पुरुषही येऊन बसले. गलका ऐकून साहेब बाहेर आले आणि गरजले, "हे बसणं, हा आरडाओरडा, हा सगळा मुदा आहे!"

मंगलाबाई शांतपणे उठल्या. "साहेब, तीन वर्षांत सात अर्ज दिले. मग ते काय होतं?"

सातही अर्ज पुंजारामांनी आपल्या हातांनी फायलीला लावले होते. प्रत्येकावर शिक्काही मारला होता.

"मुदा," ते पुटपुटले. मग त्यांची त्यांनाच लाज वाटून मोठ्यानं म्हणाले, "तो मुदाच होता, साहेब."

साहेबांनी बायकांसाठी जुन्या रेकॉर्डच्या खोलीची किल्ली मागवली.

दुपारभर पुंजारामांनी स्वतः गठ्ठे उपसले. पाचच्या सुमाराला दाराला आतून नवी कडी बसली. मंगलाबाईंनी ती दोनदा लावून पाहिली आणि धुळीनं माखलेल्या पुंजारामांना चहा आणून दिला. पाठ मोडली होती, पण चहा बरा लागला.

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं.

"निकाळे, आणखी एक जपानी शब्द आहे. इकिगाई! सकाळी डोळे उघडले, की माणूस ज्याच्यासाठी अंथरुणातून उठतो, ते. बोला, तुम्ही कशासाठी उठता?"

पुंजारामांनी बराच विचार केला. काही भारी सांगावं असं वाटत होतं, पण अंगात त्राण नव्हतं.

"पाण्यासाठी, साहेब," ते म्हणाले. "आमच्या गल्लीत नळ पहाटे पाचला येतो आणि वीस मिनिटांत जातो."