जाळीपलीकडची बाई

मी संशयी बाई नाही. हे मी अभिमानानं सांगितलं असतं, पण अभिमान मी सोडलेला आहे. माझे नेम साधे. सकाळी उठल्यापासून जप होईपर्यंत मौन. आणि संध्याकाळी दिवा लावला की कुणाला कटू बोलायचं नाही. अशी बाई संशय घेणार तरी कधी? सकाळी विचारता येत नाही, मौन सुटेपर्यंत हे ऑफिसात पोचलेले असतात, आणि परत येतात तेव्हा दिवा लागलेला असतो. त्यामुळे आमच्या घरी भांडण झालं तर ते फक्त सुट्टीच्या दिवशी भर दुपारी होऊ शकतं, आणि तेव्हा हे झोपलेले असतात.

म्हणून मी संशय घेत नाही. नुसतं लक्ष ठेवते.

लक्ष ठेवायला सुरुवात आवाजावरून झाली. हे पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतात. कागदावर यांची रेघ केसभर हलत नाही, पण स्वतःच्या गालावर हात गेला की कुणी शत्रूच्या गालावर चालून जावं तशी दाढी करत. रेझर बेसिनवर आपटल्याची टकटक, मग एक सुस्कारा, मग "आई गं". बाहेर येताना गालावर वर्तमानपत्राचे इतके तुकडे चिकटलेले, की ठळक बातम्या मला जप करता करता वाचता याव्यात.

एके दिवशी टकटक थांबली. सुस्कारे थांबले. त्याऐवजी बंद दाराआडून गुणगुण यायला लागली, भुंगा डब्यात कोंडल्यासारखी. आणि हे बाहेर आले ते कोरे. एक ओरखडा नाही. साबणाचा वास नाही. चेहऱ्यावर समाधान.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस सकाळी समाधानी कशानं असेल, हे मी जप करत असल्यामुळे मनात आणलं नाही. माळ तेवढी चुकली.

आमच्या बाथरूमचं दार ओलीनं फुगलंय. कडी लागते, पण बोटभर फट राहते, आणि माझं जपाचं आसन नेमकं समोर आहे. दुसऱ्या दिवशी आसन मी फक्त सारखं केलं. जरासं डावीकडे. फटीतून दिसलं ते असं: हे आरशासमोर उभे, हातात काहीतरी काळं, गालाला लावलेलं. डोळे अर्धे मिटलेले. आणि ओठांचा चंबू! आधी डावीकडे चंबू, मग उजवीकडे, मग मान वर करून छताकडे बघत हनुवटीवरून ते काळं हळूच फिरवणं.

हा माणूस इतक्या वर्षांत माझ्याकडे बघून असा चंबू करताना मला तरी आठवत नाही.

दुपारी मी वरच्या मजल्यावर वन्संकडे गेले. माझ्या या नणंदबाई कोर्टात टायपिस्ट आहेत, त्या दिवशी सुट्टीवर होत्या. घटस्फोटाचे जबाब टाइप करून करून त्यांची अशी स्थिती झाली आहे, की नवरा-बायकोचा फोटो जरी पाहिला तरी त्या विचारतात, "पुढची तारीख कधीची?"

"मला कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही," मी म्हणाले.

"बोलू नकोस. मी बोलते. गुणगुण म्हणजे फोन. आवाज बंद केलेला, नुसता थरथरणारा. चंबू म्हणजे काय, ते मी कोर्टात टाइप केलंय, वहिनी, तुला सांगत नाही. आणखी काय दिसलं?"

"बेसिनमध्ये काळी भुकटी असते. मिरपुडीहून बारीक."

वन्संनी चष्मा काढला. "कागद जाळतोय. पुरावे."

माझं मन मानत नव्हतं. पण मनाला समजवायला हाताशी काहीतरी हवं, म्हणून त्या दिवसापासून मी चहातली साखर सोडली. यांचं मन घरात राहू दे, एवढंच मागणं.

संध्याकाळी यांनी माझा कप चुकून उचलला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कुठाय?"

"सोडली."

"सोडली? कशाबद्दल?"

दिवा लागलेला होता. "असंच," मी म्हणाले.

यांचा चेहरा उतरला. उठून आरशापाशी गेले, गाल चाचपले, मान वळवून वळवून कानामागं बघितलं. "पण मी तर काहीच..." एवढं पुटपुटले.

हे मी वन्संना सांगितलं. त्या म्हणाल्या, "सगळे आरोपी असंच म्हणतात."

रविवारी हे पिशवी घेऊन भाजीला गेले आणि वन्सं खाली आल्या. त्यांनी सरळ बाथरूमचं कपाट उघडलं. कापसाच्या जुन्या डब्यात, कापसाखाली, ते होतं. तळहाताएवढं, काळं, जड. वरच्या टोकाला चकचकीत पत्र्याच्या दोन पट्ट्या, त्यांना सुईच्या टोकाएवढी अगणित भोकं. एक बटण.

"ही जाळी बघ," वन्सं म्हणाल्या. "आमच्या साहेबांसमोर माइक असतो, त्याला अशीच असते. एक पट्टी बोलायची, एक ऐकायची."

त्यांनी बटण दाबलं. भुंगा गुणगुणायला लागला.

"लागला," वन्सं कुजबुजल्या. "बोल."

मी पदराला हात पुसले आणि जाळीशी तोंड नेलं. "नमस्कार. मी यांची पत्नी. जेवण झालं का तुमचं?"

गुणगुण.

"ऐकतेय," वन्सं म्हणाल्या. "मध्ये बोलत नाही, म्हणजे शिकलेली आहे."

"तुमच्याबद्दल माझ्या मनात वाईट नाही," मी म्हणाले. "निदान जप चालू असतो तोवर तरी नाही. एवढंच सांगायचं होतं, की पंख्याखाली झोपले की यांचा खांदा धरतो. दूध सायीसकट देऊ नका. आणि चिडले तर लगेच उत्तर देऊ नका, थोड्या वेळानं आपणहून भांडी घासायला येतात."

"आण इकडं," वन्सं गरजल्या. "ए भवाने, तुझ्या..."

वन्संचं पुढचं वाक्य परक्या बाईच्या कानी पडू नये म्हणून मी घाईनं जाळीवर अंगठा दाबला. जोरात. आत कुठंतरी 'कट्' झालं.

"कुणाशी बोलताय तुम्ही दोघी?"

दारात हे उभे होते. पिशवीतून कोथिंबीर डोकावत होती.

"ते तूच सांग, दादा," वन्सं म्हणाल्या. "कोण आहे ती?"

"कोण ती?"

"जाळीपलीकडची!"

यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्या हातातून ते काळं घेतलं, बटण बंद केलं. वरची जाळी ओढून काढली आणि तळहातावर आपटली. तीच काळी भुकटी पडली. "ही माझी दाढी आहे," हे म्हणाले. "हा शेव्हर आहे."

वन्सं सहजासहजी सोडणाऱ्यांतल्या नव्हेत. "शेव्हरला जाळी कशाला?"

"केस भोकातून आत जातात. आत पाती आहेत, ती इकडून तिकडे सरकतात आणि केस कापतात. कातडी जाळीच्या बाहेर राहते. साधं पातं थेट कातडीवरून फिरतं, नुसत्या साबणाच्या भरवशावर."

"मग पात्याइतकी गुळगुळीत होते?"

"नाही. थोडी खरखर राहते."

"निदान वेळ वाचत असेल."

"रोज करावी लागते. दोन दिवस राहिली तर वाढलेले केस भोकात शिरत नाहीत. गोल तोंडाचा मिळतो, तो लांब केसांना बरा, पण तो गालावर गोल गोल फिरवावा लागतो. मला सरळ रेघेची सवय. आणि ओठ असे ताणून धरावे लागतात." यांनी चंबू करून दाखवला.

"गुळगुळीत नाही, वेळ वाचत नाही," वन्सं म्हणाल्या. "मग घेतलास कशाला? आणि लपवलास कशाला?"

हे माझ्याकडे बघायला लागले.

"कापत नाही म्हणून," हे म्हणाले. "अगं, माझा गाल कापला, तू दही सोडलंस. हनुवटी कापली, तू दुपारची झोप सोडलीस. कानाखाली जरा लागलं, तर तू उशी सोडलीस. इतके महिने मी उशीवर डोकं ठेवतो आणि शेजारी ही नुसत्या गादीवर. झोप लागते का मला? म्हटलं, आपण रक्तच काढलं नाही तर ही जेवेल, झोपेल. शेव्हर दाखवला असता, तर तो नीट चालावा म्हणून आणखी काही सोडलं असतंस."

सोडलं असतं. तूप मनात आलंही होतं.

"साखर सोडलीस, तेव्हापासून कुठं कापलंय ते शोधतोय मी," हे म्हणाले.

वन्संना वर दूध उतू जात असल्याची आठवण झाली. मी चहा टाकला आणि दोन्ही कपांत साखर घातली. त्या रात्री उशीही घेतली. मन इतकं हलकं झालं, की बाकी काही लक्षातच राहिलं नाही.

ते आठवलं सकाळी, माळ हातात घेतल्यावर. आता चोरी नव्हती, म्हणून दार सताड उघडं होतं. यांनी चष्मा काढून ठेवला, बटण दाबलं आणि शेव्हर हनुवटीकडे नेला. तेवढ्यात माझ्या कानात तो 'कट्' वाजला. अंगठा!

आणि माझं मौन.

मी माळ हलवली. यांनी आरशातून माझ्याकडे बघून मान हलवली. मी अंगठा दाखवला, हवेत दाबून दाखवला. यांनी कौतुकानं मलाही अंगठा दाखवला. मी दोन्ही हात हलवले. हे लाजले, आणि माझ्याकडे बघत ओठांचा चंबू केला.

खरं सांगते, त्या क्षणी मी हात खाली घेतले.

"आई गं!"

जाळी चेपून एका जागी फाटली होती. हे हनुवटीवर वर्तमानपत्राचा तुकडा चिकटवून बाहेर आले आणि माझ्यासमोर जमिनीवरच बसले. ऑफिसला उशीर झाला तरी माझा जप संपेपर्यंत बसून राहिले. मग हताश आवाजात म्हणाले, "सांग. आता काय सोडणार?"

"संशय," मी म्हणाले.

यांना इतका आनंद झाला, की नवी जाळी आणायला त्याच संध्याकाळी गेले.

इतकी जुनी सवय एकदम सगळी सोडवत नाही, म्हणून सध्या फक्त बुधवारचा सोडला आहे. आज गुरुवार. वन्सं आज कोर्टात न जाता सकाळपासून दोनदा बाजारात जाऊन आल्या आणि पिशवी दोन्ही वेळा रिकामी होती. मी काही म्हणत नाही. आसन तेवढं खिडकीशी घेतलंय.