मानोजीराव पुन्हा वारले

मानोजीराव निकम माझ्या हातून पहिल्यांदा वारले ते एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी. सोमवारी मी त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या नीट समजावून सांगितल्या होत्या. त्यांनी मान डोलावली, हात जोडले आणि गेले. मंगळवारी बघते तर आमच्या विभागाबाहेरच्या बाकावर ताठ बसलेले, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. डोळ्याची पापणी लवत नव्हती. मी विचारलं, "काका, चहा घेता?"

"मी गेलो, पोरी," ते भिंतीलाच म्हणाले. "मेलेली माणसं चहा घेत नाहीत."

एवढं बोलून जे गप्प झाले ते झालेच. माझ्या हातातल्या कपावर साय धरली, तरी त्यांनी इकडे बघितलं नाही.

मी कराडची. म्हैसूरला एम. फार्म. करायला आले होते. फार्मसीची पदवी झाली की दुकान टाकून मोकळं व्हावं, वर आणखी दोन वर्षं कशाला, असं आमच्या घरी सगळ्यांचं मत होतं. आमच्या शाखेत तर औषध बनवायचंही नसतं, ते घेणाऱ्या माणसाशी बोलायला शिकायचं असतं. हे सांगितल्यावर आबा म्हणाले होते, बोलायला शिकायला तुला कॉलेज कशाला लागतं? त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा.

तर या बोलण्याच्या सरावासाठी खोटे पेशंट लागतात. एका खोलीत टेबल, दोन खुर्च्या. समोरचा माणूस आजारी असल्याचं सोंग करतो आणि आपण त्याला औषधं समजावतो. नियम एकच, आपण विचारल्याशिवाय पेशंटने काही सांगायचं नाही. बाकीचे खोटे पेशंट हा नियम पाळता पाळता हसून द्यायचे. मानोजीराव वीज खात्यातून निवृत्त झालेले कारकून. बन्नीमंटपाच्या बाजूला घर, एकटेच राहायचे. पूर्वज जुन्या म्हैसूरच्या घोडदळात होते म्हणे, त्यामुळे पाठ अजून सरळ. घरची भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं कालवलेलं, की भात कुठला आणि सार कुठलं ते कळू नये. कॉलेजात मराठी बोलणारं कुणीतरी भेटलं म्हणून मी खूश होते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांचा जीव घेतला.

माझं काय चुकलं होतं? ते शोधायला मला तीन दिवस लागले, आणि तीनही दिवस ते बाकावर मेलेले होते. शेवटी उजेड पडला. मी जाऊन विचारलं, "काका, गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आपल्या मनानं काही गोळ्या घेता का?" त्यांनी डोळे मिचकावले, गुडघे चोळले, जांभई दिली.

"घेत होतो की. रोज दोन. किडनी गेली," ते म्हणाले. "विचारलं नाहीस, अल्वा?"

हे 'अल्वा' म्हणजे आपलं 'हो ना'. पण काका ते असं म्हणत, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. "आयतु, बास, आता जिवंत झालो. चहा सांग," असं म्हणून ते उठले आणि सोबत दोन वडे खाल्ले.

पुढे पुढे आम्हाला या मरणाची सवय झाली. तरी पूर्ण नाही. कारण काकांचं सोंग सोंगाच्या जरा पलीकडे जायचं. हृदयाचा पेशंट झाले की पाय सुजून चपलेचे पट्टे घोट्यात रुतायचे. साखर उतरलेला पेशंट झाले की पंख्याखाली घामाने शर्ट भिजायचा. मंड्याचा नवीन गौडा, नवीन हे त्याचं नावच, आमच्या वर्गातला मोठा विज्ञानवादी, भुताखेतांची टर उडवणारा. त्याने काकांना रक्त पातळ करायची गोळी समजावली आणि सोबत गावठी झाडपाल्याचं औषध चालू आहे का, हे विचारायचं विसरला. दुसऱ्या दिवशी काका बाकावर मेलेले, आणि दोन्ही हातांवर निळे डाग. नवीन म्हणाला, बसच्या दांड्याला लागलं असेल. पण त्या दिवसापासून तो डबा खाली बागेत नेऊन खाऊ लागला. मीही त्याच्याबरोबर जायचे, त्याला सोबत म्हणून.

सगळे पेशंट असे मरायचे आणि योग्य प्रश्न सापडला की उठून चहा प्यायचे. एक मात्र कधीच उठली नव्हती. तिला विभागात 'सरगूरची आजी' म्हणत. एच. डी. कोटेकडच्या त्या गावातली, दम्याने बेजार झालेली म्हातारी. आमच्या आधीच्या कित्येक तुकड्यांनी तिला मारून झालं होतं. आमच्या सुमंगला मॅडमना उत्तर ठाऊक होतं, पण त्या सांगत नसत. तो प्रश्न तुमचा तुम्हालाच सुचला पाहिजे, म्हणायच्या, आणि म्हणताना त्यांचा आवाज उतरायचा. एकदा त्यांनी सहज म्हणून आजी झालेल्या काकांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला होता. ऐकलं, काढला, घडी करून खिशात ठेवला आणि वर्ग सोडून दिला, अशी गोष्ट सांगत.

त्या वर्षी जाहीर झालं की पुढच्या वर्षापासून खोटे पेशंट बंद, सराव संगणकावर. काकांनी ते ऐकलं आणि त्यांची झोपच उडाली. एकेकाला गाठून विचारू लागले, "सरगूरची घेतोस काय?" मुलं टाळायची. तिची केस घेतली की आजारी पडतो, असा बोभाटा होता. नवीन गौडाला नेमकं त्याच दिवशी गावी जायचं असायचं. काकांना एवढंच हवं होतं की कुणीतरी त्या म्हातारीला जिवंत घरी धाडावं, आणि त्यासाठी हे शेवटचं वर्ष उरलं होतं. ते लपवत नव्हते. शेवटी माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तू मराठी आहेस," ते म्हणाले. "तिला कन्नडापेक्षा मराठी बरं समजतं. तू घे."

मी घेतली. भीत होते, पण नाही म्हणवेना.

काका खोलीत आले ते मफलर डोक्यावरून पदरासारखा ओढून. आवाज बाईसारखा काढला नाही की मान वेळावली नाही. तसं केलं असतं तर मी हसून मोकळी झाले असते. फक्त खुर्चीत बसताना ते लहान झाले. छातीतून बारीक शिट्टी वाजायला लागली, चुलीवर ओलं लाकूड ठेवल्यावर वाजते तशी.

आजीला दम्याची कॅप्सूल होती. ही कॅप्सूल पोटात जायची नसते. एका छोट्या प्लास्टिकच्या यंत्रात घालायची, यंत्राला पिळा द्यायचा, की ती फुटते. मग आतली पूड तोंडाने श्वासाबरोबर ओढून घ्यायची आणि नंतर चूळ भरायची. मी एकही प्रश्न सोडला नाही. कॅप्सूल रोज घेता का? घेते, सकाळी एक, सांजेला एक. चुकते का कधी? नाही, हे आठवण करून देतात. यंत्र आहे का? आहे की, ह्यांनी आणून दिलं. कॅप्सूल यंत्रात घालता ना? घालते, रोज घालते. नंतर पाणी? पाणी घेते, गिलासभर. धूर, धूळ, मांजर, उदबत्ती, दुसरी औषधं, सगळं विचारलं. वर नमुन्याचं यंत्र घेऊन मी स्वतः ओढून दाखवलं. आजी कौतुकाने बघत होती. "हौदु, हौदु, हो की," म्हणत मान हलवत होती.

दुसऱ्या दिवशी ती मेलेली होती.

बाकीचे पेशंट मेले की काका बाहेर बाकावर बसत. आजी मेली की ते आतच, पेशंटच्याच खुर्चीत, मफलरसकट. शिट्टी थांबलेली असायची. त्या खोलीत शिरून फळीवरचं पुस्तक काढायचं, तर मी भिंतीला घासून जायचे. मी नवे नवे प्रश्न घेऊन जायचे. लिहिता वाचता येतं का? औषध कुठं ठेवता? घरात भांडण आहे का? खुर्चीतून उत्तर यायचं नाही. असा आठवडा गेला. विभागाच्या शेवटच्या परीक्षा तोंडावर आल्या. त्या झाल्या की काकांना पुन्हा कुणी बोलावणार नव्हतं.

प्रश्न सापडला तो माझ्या फुटक्या कन्नडामुळे. रुग्णालयाच्या वॉर्डात आम्हाला खऱ्या पेशंटांकडे पाठवत. तिथे माझी अवस्था मुक्यासारखी. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची गोळी एका शेतकरी आजोबांना दिलेली होती. ती कशी घेता, हे विचारण्याइतकं व्याकरण माझ्याजवळ नव्हतं. मी आपली गोळी पुढे केली आणि मला येणारा एकच शब्द म्हटला, "तोरिसि." दाखवा. आजोबांनी कनवटीची चंची काढली, पानाला चुना लावला, गोळी सुपारीबरोबर पानात घातली आणि विडा चघळायला लागले. दुखायला लागलं की ते हे असं करत होते. नर्सने कपाळाला हात लावला.

मी मात्र तिथेच उभी राहिले. वॉर्डात भाषा येत नाही म्हणून मी प्रत्येकाला करून दाखवायला सांगत होते. आजीशी मला बोलता येत होतं, म्हणून मी नुसती बोलत राहिले होते. मी तिला दाखवलं होतं. तिने दाखवावं, हे मी म्हटलंच नव्हतं.

त्याच दुपारी मी त्या खोलीत गेले. सुमंगला मॅडम पेपर तपासत दारापाशी बसल्या होत्या. खुर्चीत मफलर, खाली गेलेली हनुवटी.

"आजी," मी म्हटलं, "कॅप्सूल कशी घेता ते मला करून दाखवा."

आधी शिट्टी सुरू झाली. मग मान वर आली. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

काकांचा हात शर्टाच्या आत गेला आणि रुमालात बांधलेलं एक जुनं, पिवळं पडलेलं यंत्र बाहेर आलं. गाठ सावकाश सोडली. यंत्र उघडलं. आत एक कॅप्सूल होती, सकाळी जपून ठेवून द्यावी तशी. ती दोन बोटांनी काढली, जिभेवर ठेवली, टेबलावरचा ग्लास उचलला आणि पाण्याबरोबर गिळली. गिलासभर पाणी, शेवटच्या थेंबापर्यंत. मग यंत्र मिटून पुन्हा रुमालात बांधलं.

ती त्याला डबी समजत होती. कॅप्सूल ठेवायची डबी. रोज घालते, हे खरं होतं. पाणी घेते, हेही खरं होतं. तिने कुणाला एक अक्षर खोटं सांगितलं नव्हतं.

मला रडू येत होतं, पण पेशंटसमोर रडायचं नसतं हे आम्हाला शिकवलेलं. मी खुर्ची जवळ ओढली. गाठ सोडून तिच्याच हाताने यंत्र उघडलं, नवी कॅप्सूल घातली, पिळा द्यायला लावला. ओठ घट्ट मिटा म्हटलं, आता ओढा, जोरात, अजून. आता धरून ठेवा. तिने तीनदा केलं. पहिल्यांदा ठसका लागला. तिसऱ्यांदा नीट जमलं, आणि खोलीतली शिट्टी बंद झाली. बाहेर कबुतरं घुमत होती ती ऐकू आली.

आजीने माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. दाराकडे एकदा बघून ती माझ्या कानाशी वाकली.

"ह्यांना सांगू नको हं, अम्मा," ती म्हणाली. "त्यांनीच आणून दिलं अल्वा. सुम्ने, उगाच मनाला लावून घेतील."

मग हात सुटला. काकांनी मफलर काढला, तोंडावरून हात फिरवला, आणि माझ्यासमोर पुन्हा सरळ पाठीचे म्हातारे मानोजीराव होते.

"माझी बायको सरगूरची," ते म्हणाले. "ती गेल्यावर हे फळीवर सापडलं. आत कॅप्सूल अख्खी. हे असं कसं, म्हणून विचारायला पहिल्यांदा इथं आलो. या मॅडमनी सांगितलं. तेव्हापासून येतोय." मॅडम मान खाली घालून बसल्या होत्या. काकांनी यंत्र पुन्हा रुमालात बांधलं, गाठ चाचपली आणि अगदी हळू विचारलं, "शेवटी तुझ्या कानात काय म्हणाली?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"रागावली होती काय माझ्यावर?"

"नाही, काका," मी म्हटलं. सांगू नको म्हणून मला बजावलं होतं, पण मला राहवेना. "तुम्ही मनाला लावून घ्याल, याचीच त्यांना काळजी होती."

त्यांनी रुमाल शर्टाच्या आत ठेवला.

"अशीच होती ती," मग म्हणाले. "स्वतःला श्वास पुरायचा नाही, मत्ते वर मला म्हणायची, जिना सावकाश चढा."