कपाटातले छत्तीस टायर

चष्मेवाल्यांनी ठरवलं ते एवढंच, की टायर खिडकीतून हलवायचे.

टायर म्हणजे खऱ्या गाडीचे नव्हेत. रिमोटवर पळणाऱ्या, बुटाच्या खोक्यात मावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांचे. (त्यांना खेळणं म्हटलेलं चष्मेवाल्यांना खपत नसे. "मॉडेल म्हण," असं ते बायकोला नऊ वर्षं सांगत होते, आणि ती नऊ वर्षं "बरं, खेळण्यातलं मॉडेल" म्हणत होती.) दुकानात भिंगं घासताना केसभरही फरक न चालणारा हा माणूस, पण त्याचे सुटे टायर मात्र खिडकीच्या कट्ट्यावर उन्हात लोळत पडलेले. चार टायरांना भेगा पडल्या तेव्हा कुठे त्यांना जाग आली.

रबराला जागा हवी गार, अंधारी आणि कोरडी. शनिवारची अख्खी दुपार चष्मेवाले अशी जागा शोधत घरभर फिरले. फ्रिज गार होता, पण तिथून त्यांची गेल्या वर्षीच हकालपट्टी झाली होती. पलंगाखाली अंधार होता, पण धूळही होती. शेवटी त्यांनी बायकोचं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, इस्त्रीच्या कपड्यांमागे, चांगली वीतभर जागा रिकामी! त्यांनी उरलेल्या छत्तीस टायरांना रबर मऊ ठेवणारं तेल चोळलं, चार-चार टायर प्लास्टिकच्या पिशव्यांत भरले, वर 'मऊ', 'मध्यम', 'कडक' अशा चिठ्ठ्या डकवल्या आणि बायकोला सोमवारी सांगायचं ठरवलं. (सोमवार आला आणि गेला.)

आता या तेलाला वास येतो तो थेट गुडघ्याला चोळायच्या मलमाचा. त्यात एका पिशवीचं तोंड नीट मिटलं नव्हतं. आणि सर्दीमुळे बायकोचं नाक आठवडाभर चोंदलेलं.

बुधवारी तिची मुलाखत होती. पाणी खात्यात सहा वर्षं एकाच टेबलावर बसून कंटाळलेल्या तिला तपासणी अधिकारी व्हायचं होतं. काम म्हणजे उंच टाक्यांवर चढून त्या तपासायच्या. चष्मेवाले सकाळीच दुकानात गेले होते. तिने कपाटातून इस्त्रीचे कपडे काढले, घातले आणि ताठ मानेने निघाली.

समोर दोघं होते, एक अध्यक्षबाई आणि एक पिकल्या केसांचे इंजिनिअर. ती बसली तशी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"किती दिवसांचा त्रास आहे?" इंजिनिअरसाहेबांनी हळुवारपणे विचारलं.

तिला वाटलं, टेबलाच्या कामाबद्दल विचारताहेत. "सहा वर्षं झाली, साहेब."

"बसून बसून वाढतो, नाही?"

"बसूनच तर वाढलाय!"

"आणि चढताना?"

"एकदा चढायला मिळू दे, आपोआप जाईल."

अध्यक्षबाईंनी सुस्कारा टाकून फाइल मिटली. "अहो, टाकीला ब्याण्णव पायऱ्या असतात. या गुडघ्यांनी कशा चढणार तुम्ही?"

"कुठल्या गुडघ्यांनी?"

"तुमच्याच. अख्खी खोली मलमाने घमघमतेय."

तिने बाही नाकाशी नेली, जोर लावून हुंगली, आणि कपाट, तेल, नवरा असा सगळा उलगडा तिला एका श्वासात झाला. पण ती नवऱ्याबद्दल अक्षर बोलली नाही. "चला माझ्याबरोबर," म्हणाली, आणि दोघांना घेऊन गच्चीवर गेली. तिथल्या टाकीची लोखंडी शिडी ती सरसर चढली, झाकण उचललं, आत डोकावली, आणि उतरून म्हणाली, "बिजागरी गंजलीय. आठवडाभरात तुटेल."

जागा तिला तिथेच मिळाली. इंजिनिअरसाहेबांनी मात्र जाता जाता मलमाचं नाव विचारून घेतलं.

संध्याकाळी चष्मेवाले घरी आले तर जेवणाच्या टेबलावर छत्तीस टायर ओळीने मांडलेले.

"मी तुला सांगणारच होतो," ते म्हणाले. "सोमवारी."

"कुठल्या सोमवारी?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. (अडचणीत सापडले की ते हेच करत.) मग तिने मुलाखतीचं सगळं सांगितलं.

"म्हणजे जागा मिळाली? अगं, मग टायरांमुळेच तर..."

"पुढचं बोलू नकोस."

त्यांनी चष्म्याची दुसरी काच पुसायला घेतली. रविवारी शर्यतीला मात्र ती बरोबर निघाली. आपल्या कपाटात घुसखोरी झाली ती कशासाठी, हे तिला एकदा बघायचंच होतं.

चष्मेवाल्यांनी गाडीला 'मऊ' टायर लावले. आठवडाभर तेलात मुरलेले ते टायर जमिनीला असे चिकटले, की पहिल्याच वळणावर गाडी उलटी. दुसऱ्या फेरीत उलटी. तिसऱ्या फेरीत उलटी होऊन चाकं हवेत फिरवत राहिली.

"कडक लाव," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय यातलं?"

"मग मीच लावते."

तिने लावले. शर्यती संपून मैदान मोकळं झालं होतं, म्हणून रिमोटही तिनेच घेतला. गाडी पहिल्या वळणावर डगमगली, दुसऱ्यावर सावरली, आणि नंतर जी सुटली ती थेट शेवटच्या रेषेवर. चष्मेवाल्यांनी नऊ वर्षांत एवढी जलद फेरी मारली नव्हती.

फेऱ्यांची वेळ घ्यायला त्या दिवशी एक नव्या बाई आल्या होत्या. त्या वही घेऊन धावत आल्या. "पुढच्या रविवारच्या शर्यतीला तुमचं नाव लिहू ना?"

"लिहा."

"आणि हे तुमचे मेकॅनिक का?" पिशव्या पोटाशी धरून उभ्या असलेल्या चष्मेवाल्यांकडे बघत त्यांनी विचारलं.

"छे हो," बायको म्हणाली. "हे नुसते टायर ठेवतात. तेसुद्धा भलत्याच जागी."