भरमाण्णाचा परमुलूख

भरमाण्णा आमच्या घरी चहाला आला की आधी मागचं दार बघून यायचा. आमच्या घराला मागचं दार एकच, आणि ते वीस वर्षांत जागचं हललेलं नव्हतं. पण बघून आल्याशिवाय तो पाटावर टेकायचा नाही. "आत शिरताना भाईरची वाट बघून ठेवावी, मास्तर," एवढं म्हणून मग बशीत चहा ओतायचा.

भरमाण्णा शहापुरातला विणकर, माझा शेजारी. त्या काळी शहापूर संस्थानी आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजांचं. गावं एकमेकांना चिकटलेली. आमची म्हैस रोज इंग्रजांच्या राज्यात चरून यायची आणि तिला कोणी काही विचारत नसे. भरमाण्णाला मात्र तो परमुलूख होता. आठवड्यातून एकदा लुगडी घेऊन बेळगावच्या पेठेला निघाला की जादा धोतर, फडक्यात भाकरी आणि देवाचा अंगारा बरोबर. बायकोला बजावून जायचा, "दिवस मावळंपतोर आलो न्हाय तर मास्तरला सांग." तिकडे पोलिसानं नुसतं बघितलं तरी हा हात जोडून "हौद्री, हौद्री" म्हणायचा. कानडीत 'होय जी'. एकदा एका पोलिसानं थट्टेनं विचारलं, "लुगडी चोरलीस काय रे?" याच्या तोंडून सवयीनं "हौद्री" गेलं आणि सोडवून आणायला मला जावं लागलं.

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, परशा, रंगूनला निघाला. तिथे भाताच्या गिरणीत नोकरी लागली होती. आम्हाला वाटलं, आता भरमाण्णा अंथरूण धरणार. त्यानं उलट आठ दिवस पोराची शिकवणी घेतली.

"चपला उशाला घेऊन नीज. कुनाशी वाद घालू नको. आन् तिथली एक तरी चूल आपली म्हणणारी करून ठेव, रं."

परशा हसला. "आप्पा, तुमी बेळगावला जाताय. मी रंगूनला चाललोय."

"दोनी परमुलूखच की," भरमाण्णा म्हणाला.

परशाला जाणारी त्याची पत्रं मी लिहायचो. प्रत्येक पत्रात तेच तीन नियम, त्याच क्रमानं. एकदा मी कंटाळून 'नियम मागील पत्राप्रमाणे' एवढंच लिहिलं, तर त्यानं पत्र वाचून दाखवायला लावलं आणि तेवढी ओळ खोडून घेतली.

मग रंगूनवर बॉम्ब पडले आणि परशाची पत्रं थांबली. पाच महिने अक्षर नाही. गल्लीत कुणी रंगूनची बातमी काढली की भरमाण्णा उठून जायचा. मी धीर द्यायला गेलो तर तोच मला म्हणायचा, "त्याला तिन्ही सांगितल्यात, मास्तर." पण आताशा तो आमचं मागचं दार दोनदोनदा बघायचा, आणि मला ते बघवत नसे. परशाचा बंद माग घर अडवतोय, विकून टाक, असं पाहुणे सांगू लागले. तेव्हा वाद न घालणाऱ्या या माणसानं पहिल्यांदा आवाज चढवला. "माग हलायचा न्हाय."

ज्येष्ठातल्या एका सकाळी गल्लीत गलका झाला. बघतो तर परशा. गालफडं बसलेली, दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ सदरा. पायात मात्र चपला होत्या, झिजून कागद झालेल्या आणि सुतळीनं बांधलेल्या. भरमाण्णानं आधी चपलांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"उशाला हुत्या, आप्पा," परशा म्हणाला. "शेजारच्या बर्मी म्हातारीला मी मावशी म्हणायचो. तिच्या पोरानं रानातनं इकडं यायची वाट दावली. मोठ्या रस्त्यानं गेले त्यातले लई जण वाटंतच मेले."

"वाद घातलास काय कुनाशी?"

"न्हाय. कुनी कायबी इचारलं की हौद्री म्हणालो."

सगळी गल्ली हसली. मीही हसलो, आणि माझे डोळे वाहत होते हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आत गेलो तेव्हा परशाचा माग दिसला. लुगडं उतरलं तरी विणकर मागाच्या फणीत, त्या कंगव्यासारख्या दात्यांत, ओवलेले जुने धागे काढत नाही. नवा ताणा, म्हणजे उभे धागे, त्याच टोकांना एकेक करून जोडायचा असतो. परशानं जाताना सोडलेली ती टोकं भरमाण्णानं जुड्या करून गाठी मारून ठेवली होती. इतक्या दिवसांत त्यांच्यावर धूळ बसू दिली नव्हती. भिंतीला भिंत लागून राहत असून मला पत्ता नव्हता.

"सुटं ऱ्हायलं की फणीतनं निसटतंय," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मग नवं जोडायचं कुठं, मास्तर?"

संध्याकाळी बापलेक आमच्याकडे चहाला आले. भरमाण्णा सरळ येऊन पाटावर टेकला. परशा मात्र उंबऱ्याशीच थांबला. त्याची नजर घरभर फिरली.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "मागचं दार कुठंशी हाय?"

भरमाण्णानं त्याचा हात धरून त्याला शेजारी बसवलं.

"बस, रं," तो म्हणाला. "आता घरात हाईस."