नव्या मॉडेलची एक चक्कर

"मला खात्री नाही" हे वाक्य चष्मेवाल्यांच्या तोंडून कोणी कधी ऐकलेलं नाही. दुकानात गिऱ्हाईक शिरलं, की त्याने भिंतीवरची अक्षरं वाचायच्या आत हे त्याचा नंबर सांगून मोकळे! मग यंत्राने वेगळा नंबर दाखवला, तर यंत्र दुरुस्तीला जायचं.

तर अशा चष्मेवाल्यांनी एका रविवारी सकाळी चहाचा कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, "जुनी मोटरसायकल काढायची! त्याच गाडीचं नवं मॉडेल आलंय. जातो, एक चक्कर मारतो आणि निर्णय घेऊनच परत येतो!"

"आधी परत या, मग निर्णय घेऊ," बायको म्हणाली. "जुनीला काय धाड भरलीय?"

"काय धाड? अगं, किका मारून मारून माझा उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झालाय!"

"तेवढाच फायदा," चष्मेवाल्यांच्या सासूबाई पेपरामागून म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी हे ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण उंचीचा विषय आला की त्यांना कमी ऐकू यायचं. आपण मध्यम उंचीचे आहोत, हे त्यांनी तरुणपणीच ठरवून टाकलं होतं. त्यानंतर जग उगाचच उंच होत गेलं, त्याला ते काय करणार! बायको तर तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. ताडमाड, आणि आवाज असा की पाण्याखालच्या पोरालाही ऐकू जावा. माळ्यावरचा डबा काढायला चष्मेवाले स्टूल शोधेपर्यंत तिने तो काढून, पुसून, पुन्हा वर ठेवलेला असायचा.

मोटरसायकलचं शोरूम घराच्या मागच्याच मोठ्या रस्त्यावर होतं. जुनी गाडी दारात लावून चष्मेवाले आत गेले. टाय लावलेला सेल्समन हसतमुखाने पुढे आला.

"ही माझी जुनी. हिची किंमत काढून ठेवा," चष्मेवाले म्हणाले. "आणि नवी बाहेर काढा. मला काही समजावून सांगत बसू नका. गाड्यांतलं मला कळतं."

नवी गाडी पायरीला लावून उभी केली होती. काळीभोर, चकचकीत, आणि जुनीपेक्षा चांगली वीतभर उंच! चष्मेवाले पायरीवर चढले आणि पायरीवरून थेट सीटवर बसले.

"सर, पाय टेकतात ना नीट?" हँडल धरून सेल्समनने विचारलं.

चष्मेवाल्यांनी खाली बघितलं. जमीन दिसत होती. पण विहिरीचा तळ दिसावा तशी दिसत होती.

"अहो, मी गाडी पाय टेकायला घेतोय का चालवायला? सोडा!"

सेल्समनने सोडली.

आणि काय सांगावं! जुनी सुरू झाली की शेजारपाजारची तावदानं खडखडायची. ही नुसती मांजरासारखी गुरगुरली आणि निघाली. वारा शर्टात शिरला. चष्मेवाल्यांची छाती फुगली. निर्णय झाला, असं ते मनाशी म्हणाले, आणि समोर सिग्नल लाल झाला.

त्यांनी ब्रेक दाबला. गाडी मंदावली. सवयीने डावा पाय खाली सोडला. पाय खाली गेला, आणखी खाली गेला, आणि पुढे कुठे जायचं हे पायालाच कळेना! गाडी कलायला लागली. त्यांनी झटक्यात पाय वर घेतला, ॲक्सिलरेटर पिळला आणि डावीकडे वळले. डावीकडे वळायला सिग्नलची गरज नव्हती.

पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा डावीकडे. मग स्वतःच्याच गल्लीतून पुन्हा डावीकडे. आणि पुन्हा डावीकडे वळून मोठ्या रस्त्यावर! एवढं कळून चुकलं होतं, की ही गाडी चालवता येते, वळवता येते, पण थांबवता येत नाही. थांबली की पडली! अर्थात चष्मेवाले घाबरणाऱ्यांतले नव्हते. शोरूमची पायरी होतीच. पायरीला गाडी लावायची, पायरीवर पाय ठेवायचा, रुबाबात उतरायचं. कोणाला पत्ताही लागायचा नाही.

पायरीपाशी कोणाची तरी मोटार उभी होती.

"कशी वाटतेय, सर?" सेल्समनने हात हलवला.

'मला धरा' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं! दोन शब्द! पण ते दोन शब्द चष्मेवाल्यांच्या घशात कधी तयारच झालेले नव्हते.

"झकास!" ते ओरडले. "पिकअप बघतोय! अजून एक चक्कर!"

या चकरेला गल्लीत शिरले, तर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बायको कपडे वाळत घालत होती. खाली नवीकोरी गाडी आणि तिच्यावर आपला नवरा बघून तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

"अहो! घेतलीत?"

"नाही!" चष्मेवाल्यांनी वर बघून सांगितलं. नेमका त्याच वेळी समोरून टेम्पोने हॉर्न दिला, आणि 'नाही'चं जे काय गॅलरीपर्यंत पोचलं, ते 'नवी' होऊन पोचलं.

"आई!" बायको आत वळून ओरडली. "यांनी नवी घेतलीसुद्धा! मला न विचारता!"

इकडे मोटार पायरीपासून हलायचं नाव घेईना. चष्मेवाल्यांनी पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं. टाकी काठोकाठ भरलेली! उतरायला एखादा उंच फुटपाथ बघावा, तर दोन्ही बाजूंना गाड्यांच्या रांगा.

"सर, दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवायचीय!" सेल्समन आता रस्त्यापर्यंत आला होता.

"ब्रेक बघायचेत अजून!"

सिग्नलवरचा ट्रॅफिक हवालदार पहिल्या काही वेळा नुसता बघत राहिला. पण लाल दिवा दिसला की डावीकडे सटकणारा तोच माणूस पुन्हा पुन्हा यायला लागला, तेव्हा त्याला संशय आला.

"ओ! गाडी बाजूला घ्या!"

"पुढच्या चकरेला घेतो!" चष्मेवाले नम्रपणे म्हणाले आणि वळले.

गल्लीत आता बायको आणि सासूबाई दोघीही कठड्याला टेकून वाट बघत होत्या.

"आधी थांबा!" बायको गरजली.

"थांबता येत नाही!"

हे मात्र स्वच्छ ऐकू गेलं. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! जावईबापूंचे ब्रेक गेले!"

खालच्या सलूनवाल्याने ते ऐकलं. तो वस्तरा घेऊनच बाहेर धावला आणि गल्लीभर ओरडत सुटला, "ब्रेक फेल! ब्रेक फेल!" त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, साबणाच्या फेसासकट! दारं उघडली. गॅलऱ्या भरल्या. कोणीतरी शहाण्याने सुचवलं, गाद्या टाका! आणि वरून गाद्या पडायला लागल्या. बघता बघता गल्लीच्या मधोमध गाद्यांचा ढीग झाला. एका आजीबाईंनी तर आपली उशी टाकली, डोक्याखाली असावी म्हणून.

तिकडे शोरूमचा मालक बाहेर आला. "गाडी घेऊन पळाला म्हणतात तो हाच का?"

"पळाला कसला साहेब, सारखा परत येतोय," सेल्समन रडकुंडीला येऊन म्हणाला. "पण थांबत नाही!"

"मग जा की मागे!"

सेल्समनने इकडेतिकडे बघितलं. दारात चष्मेवाल्यांची जुनी मोटरसायकल उभी होती, चावीसकट. त्याने टाय खांद्यावर टाकला, बसला, किक मारली आणि सुटला. मागच्या रस्त्यावर त्याने चष्मेवाल्यांना गाठलंसुद्धा.

"सर! थांबा, सर!"

चष्मेवाल्यांनी तिरक्या नजरेने बघितलं. "ही कोणाची गाडी?"

"तुमचीच!"

"किती किका मारल्या?"

"एकच!"

चष्मेवाल्यांचा चेहरा पडला. गेली कित्येक वर्षं ते त्या गाडीला रोज सकाळी घाम गाळून उठवत होते, आणि या परक्या माणसाच्या एका लाथेत ती उठली!

"सर, काय गाडी आहे हो!" बाजूबाजूने जाताना सेल्समनला राहवलं नाही. "अशी मऊ गाडी आता बनतच नाही. कशाला काढताय?"

"अहो, तुम्ही मला नवी विकताय की जुनी?"

"मी तुम्हाला थांबवतोय, सर!"

तेवढ्यात दोघेही गल्लीत शिरले. बघतात तो काय! समोर गाद्यांचा डोंगर, दोन्ही बाजूंना अख्खी गल्ली आणि डोंगराच्या पुढ्यात बायको, कंबरेवर हात, तोंडात तलावावरची शिट्टी.

शिट्टी वाजली. चष्मेवाल्यांचा वेग आपोआप कमी झाला. गाद्यांच्या ढिगाभोवती ते कासवाच्या गतीने फिरायला लागले.

"ब्रेक आहेत का?" बायकोने विचारलं.

"आहेत!"

"लागतात?"

"उत्तम लागतात!"

"मग दाबा ना!"

चष्मेवाल्यांनी हँडल घट्ट धरलं. त्यांनी एक फेरा पूर्ण केला.

"पाय…" ते पुटपुटले.

"काय?"

"पाय…"

"मोठ्याने बोला!"

"पाय टेकत नाहीत माझे!"

सुटलं! गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक इतकं हसलं की फेस सलूनवाल्याच्या शर्टावर उडाला. वरच्या गॅलरीत कोणीतरी तोंडात पदर कोंबला. चष्मेवाल्यांना वाटलं, आता पडावंच.

बायको मात्र हसली नाही. पहिल्या दिवशी काठाला घट्ट धरून बसलेल्या पोरांशी ती ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज तिने काढला. "माझ्याकडे बघा. खाली नाही बघायचं. दोन्ही हात हँडलवर. आता हळूच ब्रेक दाबा. मी आहे."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे बघितलं. ब्रेक दाबला. गाडी थांबली, कलली, आणि बायकोने एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्या हाताने नवरा. त्याला उचलून तिने अलगद गादीवर ठेवलं.

"लागलं नाही ना कुठे?"

"छे!" चष्मेवाले चष्मा पुसत म्हणाले. मग लोक बघताहेत हे त्यांच्या लक्षात आलं. "इंजिन तापतं का, हे बघत होतो मी. त्याला एवढ्या चकरा माराव्याच लागतात."

गाडी गल्लीच्या मधोमध होती. ती बाजूला घ्यायची म्हणून बायको सीटवर बसली. तिची दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली, वर गुडघेही जरासे वाकले. तिने आरशात बघितलं. सीटवरून हात फिरवला.

"मॅडम, लायसन्स आहे ना?" सेल्समनने विचारलं.

"आहे. एकच चक्कर मारून येते."

ती गेली, सिग्नलला रीतसर थांबली, गाडीवर बसल्या बसल्या हवालदाराची समजूत घातली आणि परत आली. मग सासूबाई म्हणाल्या, मला पण बघू दे. त्या मागे बसल्या आणि दोघी पुन्हा गेल्या. त्या परत आल्या तोवर लोकांनी गाद्या झटकून घरी नेल्या होत्या. आणि सेल्समन जुन्या गाडीवरून अजून उतरला नव्हता.

पुढच्या आठवड्यात नवी गाडी घरी आली. जुनीही राहिली, ती काढावी असं आता घरात कोणीच म्हणत नव्हतं, चष्मेवालेसुद्धा.

त्या संध्याकाळी बायको आणि सासूबाई नव्या गाडीवरून फिरायला निघाल्या. चष्मेवाले सलूनच्या दारात उभे राहून बघत होते.

"घेतलीत म्हणायची शेवटी!" सलूनवाला म्हणाला. "निर्णय कोणाचा?"

"कोणाचा म्हणजे? माझा!" चष्मेवाले ताठ झाले. "अहो, पुरती पारखून घेतलीय. मोठी खरेदी बायकांवर सोडून चालत नाही. घरात शेवटचा शब्द…"

"जावईबापू!" गल्लीच्या टोकावरून, मागच्या सीटवरून सासूबाई ओरडल्या. "गॅसवर दूध ठेवलंय, बघा हो!"

"हो, हो! आलोच!" म्हणत चष्मेवाले जिन्याकडे धावले.